बास्क किनाऱ्यावरचा काडीचा घास : चांगले दुकान कसे ओळखावे?



दर आठवड्याला या सदरात आपण पीक, पाणी, खत आणि कीड यांविषयी बोलतो. आज वाट थोडी वाकडी करतो आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात, ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होण्यापूर्वी, आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांचा एक गट अभ्यासदौऱ्यासाठी स्पेन देशात गेला. त्यांच्याबरोबर मीही होतो. तिकडच्या बागांविषयी मी पूर्वीच लिहिले आहे. परंतु परत आल्यापासून जो भेटतो तो एकच गोष्ट विचारतो, "साहेब, पण तिकडं खाल्लं काय?" विचारणाऱ्यांत आमच्या भगिनी अधिक. प्रश्न रास्त आहे. आपण पिकवतो ते शेवटी कोणाच्या तरी बशीत जाते. ती बशी कशी भरली जाते हे पाहणे हेही शेतीचेच शिक्षण आहे.

म्हणून आज सान सेबास्तियान या गावाच्या खाण्याविषयी सांगतो. तिथे आमची आधी फजिती झाली आणि मग डोळे उघडले. दोन्ही सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होत नाही.

गाव आणि त्याचा फराळ

सान सेबास्तियान हे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या हद्दीपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तिथले लोक बास्क. त्यांची भाषा निराळी, आजूबाजूच्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते लागत नाही. त्या भाषेत गावाचे नाव दोनोस्तिया. वस्ती दोन लाखांहूनही कमी. शिंपल्याच्या आकाराचा समुद्रकिनारा, मधून वाहणारी उरुमेआ नदी आणि पाठीमागे हिरव्या टेकड्या. पाऊस वर्षाकाठी सुमारे दीड हजार मिलिमीटर, पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही. बाराही महिने थोडा थोडा पडतो. त्यामुळे टेकड्यांवर गवत कायम, आणि गवतावर मेंढ्या.

या गावात जेवणाआधी बारमध्ये जाऊन उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायची रीत आहे. 'बार' हा शब्द ऐकून दचकू नये. आपल्याकडे पडदा लावलेली अंधारी खोली डोळ्यांपुढे येते, तसे तिथे नाही. आजोबा नातवाला कडेवर घेऊन येतात, बायका बाजाराची पिशवी पायाशी ठेवून गप्पा मारतात. कोणी थोडी वाइन घेतो, कोणी सफरचंदाची आंबवलेली साइडर घेतो. ज्याला काही नको तो 'मोस्तो' मागतो. मोस्तो म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. पेल्यात बर्फ, संत्र्याची चकती आणि एक ऑलिव्हचे फळ घालून देतात. आमच्या गटातील माळकरी आण्णांनी चारही दिवस मोस्तोच घेतला, आणि द्राक्षवाल्याला द्राक्षाचाच रस मिळाला म्हणून ते खूश होते.

खाण्याच्या त्या छोट्या पदार्थाला स्पेनमध्ये इतरत्र 'तापास' म्हणतात, इथे 'पिंचो' म्हणतात. पिंचो म्हणजे टोचणारी वस्तू, काटा. पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून त्यात लाकडी काडी खोचायची, म्हणून हे नाव पडले. आता काडी नसलेल्या, छोट्या बशीतून येणाऱ्या गरम पदार्थालाही पिंचोच म्हणतात. एकाला अडीच-तीन युरोपासून चार-पाच युरोपर्यंत पडतात. युरोचे शंभराच्या आसपास रुपये धरले, तर दोन घासांना तीन-चारशे रुपये होतात. तेव्हा दुकान चुकले तर खिसाही रिकामा आणि पोटही.

पहिल्या संध्याकाळची फजिती

आमचे अगदी असेच झाले. मंगळवारी दुपारी साडेचारला आम्ही गावात पोचलो. सगळ्यांना भुका लागलेल्या. जुन्या गावठाणातल्या गल्ल्यांत शिरलो. गटाचा प्रमुख मी, म्हणून दुकान निवडायचे काम माझ्याकडे आले. एका दुकानाबाहेर मोठा रंगीत फलक होता. त्यावर पदार्थांचे फोटो आणि पाच भाषांत नावे. आत काउंटरवर बशांचा नुसता डोंगर. मला वाटले, एवढा माल आहे म्हणजे दुकान चालते आहे. मी सगळ्यांना आत नेले.

पाव मऊ पडलेला, वरचे अंड्याचे सारण कडेने वाळलेले. दुपारी बारा-साडेबाराला मांडलेला माल आम्ही पाच वाजता खात होतो. त्यातून भाषेची अडचण. आण्णांसाठी मी खुणेने आणि दोन-चार शब्दांत 'मांस नको' असे सांगितले. आलेल्या पावात हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाची पातळ काप निघाली. दुसरा पाव आला, त्यात मासा. त्या देशात पुष्कळ लोकांच्या लेखी मांस म्हणजे मोठा तुकडा. हामोनची काप किंवा मासळी त्यात मोजत नाहीत. आण्णांनी काही न बोलता बशी बाजूला सरकवली आणि खोलीवर जाऊन घरून आणलेला लाडू खाल्ला. बिल मात्र भरपूर झाले.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. वीस-पंचवीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो आहे की, बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र पाहू नका, मागचे लेबल वाचा. आणि मी स्वतः फलकावरच्या फोटोला भुललो होतो.

आण्णांना या सगळ्यात निराळीही काळजी होती. त्यांच्या मुलाने हमरस्त्याला लागून असलेल्या वावरात फराळाचे हॉटेल काढायचे मनात घेतले आहे. आण्णा म्हणाले, "साहेब, पोरगं बी असाच फोटोंचा फलक करून बसलंय. शंभर पदार्थ लिवलेत त्यावर."

बुधवारचा बाजार

दुसरा दिवस बुधवार. आमच्या दुभाषी बाई त्याच प्रांतातल्या, एका मेंढपाळाच्या घरच्या. आदल्या दिवशीची हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगला बार रात्री शोधत नाहीत, सकाळी शोधतात. चला बाजाराला."

त्यांनी आम्हांला ओर्दिसिया या गावी नेले. सान सेबास्तियानपासून आत डोंगराकडे सुमारे चाळीस किलोमीटर. तिथे दर बुधवारी आठवडे बाजार भरतो. १५१२ साली गाव जळाले तेव्हा राणी हुआना हिने गावाला आधार म्हणून बुधवारच्या बाजाराची सनद दिली. तेव्हापासून पाचशेहून अधिक वर्षे तो भरतो आहे. उंच खांबांवर छप्पर आहे, खाली शेतकरी आपला माल मांडून बसतात. इथे ठरलेला भाव आसपासच्या मुलखात प्रमाण मानतात.

आपल्या बाजारासारखीच गलबल होती. पण एक फरक काकूंच्या लगेच लक्षात आला. काकू म्हणजे आमच्या गटातील एक बागायतदार भगिनी. नवऱ्याच्या मागे सहा एकर बाग एकटीने सांभाळतात. त्या म्हणाल्या, "साहेब, इथं नुसती मिरची कुणी म्हणत नाही. प्रत्येक मिरचीला गावाचं नाव आहे."

खरोखरच तसे होते. गेर्निकाची मिरची निराळी, इबार्राची निराळी. काळ्या घेवड्याचे बी तोलोसाचे. मेंढीच्या दुधाचे चीज इदियासाबालचे.

या मालाविषयी दोन शब्द सांगतो. गेर्निकाची मिरची बोटभर लांब, हिरवी, पातळ सालीची. ती कोवळी असतानाच तोडतात. ऑलिव्हच्या तेलात अख्खी परततात, वर जाडे मीठ भुरभुरतात. तिखट जवळजवळ नसतेच. इबार्राची 'पिपार्रा' बारीक, लांब, पिवळसर हिरवी. ती द्राक्षाच्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. आपल्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे की, मिरचीला पाण्याचा ताण बसला आणि ऊन चढले की तिखटपणा वाढतो. तिथे हवा थंड, पाऊस सतत, आणि तोडणी कोवळेपणी. म्हणून मिरची भाजीसारखी खाता येते. मिरची मूळची ना त्यांची ना आपली. दोघांकडेही ती अमेरिकेतूनच आली. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या वाटेने. बटाटा आणि टोमॅटो हेही तिकडचेच.

इदियासाबाल चीज 'लाचा' आणि 'कारान्साना' या स्थानिक जातींच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचे करतात आणि निदान साठ दिवस मुरवतात. पूर्वी मेंढपाळांच्या झोपड्यांना धुराडे नसे. चुलीचा धूर वर टांगलेल्या चीजला लागे. त्या धुरकट चवीची लोकांना गोडी लागली, म्हणून आजही काही चीज मुद्दाम धुरावर धरतात. १९८७ साली या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या मेंढ्यांच्या दुधाचे नसेल तर ते नाव लावता येत नाही.

मिरची विकणाऱ्या एका म्हातारीशी दुभाषी बाईंच्या मार्फत काकू बराच वेळ बोलल्या. आम्ही भारतातून, गोव्याच्या शेजारच्या प्रांतातून आलो हे ऐकून म्हातारीने गोव्याचे नाव ओळखले. सेंट फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ साली गोव्यात उतरले आणि ज्यांचे शव आजही जुन्या गोव्यात आहे, ते जवळच्याच नाव्हारा मुलखातले, बास्क घराचे. 'झेवियर' हे नावच मूळ बास्क शब्दांवरून आलेले. अर्थ 'नवे घर'. काकूंनी मग विचारले, तुमची मिरची जाते कुठे? म्हातारीने सांगितले, काही घरोघरी, आणि काही बारवाल्यांकडे. "ते पाटीवर माझ्या मिरचीचं गाव लिहितात. लिहिलं की त्यांना दुसरी मिरची वापरता येत नाही. गिऱ्हाईक ओळखतं."

परतताना काकू गाडीत गप्प होत्या.

खुणा

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच जुन्या गावठाणात गेलो. या वेळी दुभाषी बाई पुढे आणि मी मागे. त्यांनी दाखवलेल्या खुणा क्रमाने देतो.

पहिली खूण वेळेची. दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसात-आठ ते साडेदहा, या वेळा खऱ्या. मधल्या वेळी काउंटरवर असते ते उरलेले. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरीच चांगली दुकाने बंद असतात.

दुसरी खूण पाटीची. काउंटरवर मांडलेला माल थंड. गरम माल आत चुलीवर होतो, आणि त्याची नावे भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेली असतात. खडूने लिहिलेले रोज पुसता येते, म्हणून ते खरे. छापलेल्या फोटोंचा फलक बदलत नाही. ज्या पाटीवर चार-सहाच नावे आहेत आणि त्यात मोसमाचा माल आहे, तिथे थांबावे.

तिसरी खूण अशी की, प्रत्येक दुकानाचा हात एका पदार्थावर बसलेला असतो. पैलवानाचा जसा एक डाव, तसा दुकानाचा एक पदार्थ. आत जाऊन विचारावे, तुमच्या घरचा पदार्थ कोणता? तो एक खावा, पैसे द्यावे आणि पुढच्या दुकानात जावे. एकाच ठिकाणी बसून पोट भरणे ही तिथली रीतच नव्हे. गावकरी चार-पाच जणांच्या टोळीने दुकानामागून दुकान करीत फिरतात.

चौथी खूण माणसांची. कोण उभे आहे ते पाहावे. मालकाशी नावानिशी बोलणारे म्हातारे, ऑफिस सुटून आलेले लोक, लेकुरवाळ्या बाया दिसल्या की समजावे.

पाचवी खूण हिशेबाची. जुनी रीत अशी की, गिऱ्हाइकाने हवे ते उचलून खावे, काड्या बशीत ठेवाव्या आणि निघताना मोजून पैसे द्यावे. गर्दी वाढली तशी पुष्कळ दुकानांनी ही रीत सोडली. आता आधी बशी मागून घ्यावी लागते. पण आजही काही ठिकाणी मालक विचारतो, "काय काय घेतलंत?" आणि तुम्ही सांगाल ते मानतो. हे ऐकून आण्णांनी कानाला हात लावला. म्हणाले, "हा धंदा इमानावर चाललाय. मग माल बी इमानाचाच असणार."

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात धरावे. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. हामोन नको, पेस्कादो म्हणजे मासा नको, अतून म्हणजे ट्यूना मासाही नको, आणि अंडे चालत नसेल तर ह्वेवो नको, असे एकेकाचे नाव घेऊन सांगावे. घास हातात पडला की 'एस्केरिक आस्को' म्हणावे. बास्क भाषेत त्याचा अर्थ 'आभारी आहे'. ते ऐकले की वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो.

कोठे काय

आता दुकाने. पेस्कादेरिया गल्लीत 'नेस्तोर' नावाचे अगदी लहान दुकान आहे. आपल्याकडच्या ओसरीएवढे. इथे पदार्थ मोजून चार-पाच. बटाट्याचे जाड ऑम्लेट दिवसातून दोनदाच होते, दुपारी एकच्या सुमाराला आणि रात्री आठच्या सुमाराला. आधी येऊन नाव सांगून ठेवावे लागते. उशिरा आलेल्याला तुकडा मिळत नाही. इथे गुरांच्या मांसाचे मोठे तुकडेही भाजतात, आमच्यापैकी पुष्कळांनी तिकडे पाठ केली. ज्याचे त्याचे अन्न. पण याच दुकानात आण्णा पोटभर जेवले. गेर्निकाच्या मिरच्या परतून आल्या. मग आली टोमॅटोची बशी. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, वर ऑलिव्हचे तेल आणि जाडे मीठ. दुसरे काही नाही. मोसमातला, झाडावर पिकलेला, त्या मुलखातला टोमॅटो.

आण्णांनी पहिली फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. म्हणाले, "साहेब, आपण टोमॅटो हिरवा तोडून क्रेटात भरतो, मुंबईला पोचेपर्यंत लाल व्हावा म्हणून. असा टोमॅटो मी ल्हानपणी खाल्ला व्हता. परसात." आदल्या रात्री उपाशी राहिलेल्या माणसाला इतक्या साध्या बशीने तृप्त केले, हे पाहून माझ्या मनावरचे ओझे उतरले.

त्याच गल्लीत 'चेपेचा' आहे. त्याचा हात अँचोव्हीवर. हा आपल्या मांदेलीच्या कुळातला लहान मासा. व्हिनेगरमध्ये मुरवून, पावावर ठेवून, त्यावर निरनिराळी सारणे घालून देतात. या माशाची गोष्ट शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. बिस्केच्या उपसागरात तो इतका उपसला गेला की संपायच्या बेताला आला. २००५ साली त्याची मासेमारीच बंद करावी लागली. जवळजवळ पाच वर्षे होड्या किनाऱ्याला बसल्या, आणि मासा पुन्हा वाढल्यावर २०१० साली मर्यादा घालून परवानगी मिळाली. नुसते उपसत राहिले तर समुद्रही आटतो. आपल्या बोअरचे पाणी ते काय!

सान हेरोनिमो गल्लीतले 'गानबारा' रानातल्या अळंब्यांसाठी प्रसिद्ध. तव्यावर परतलेल्या अळंब्या आणि मध्ये अंड्याचा कच्चा बलक. 'बोर्दा बेर्री' आणि 'ला कुचारा दे सान तेल्मो' या दोन दुकानांत काउंटरवर मांडलेले काही नसते. सारे पाटीवर, आणि सारे मागितल्यावर चुलीवरून. बोर्दा बेर्रीत इदियासाबाल चीज घातलेला मऊ, भातासारखा पदार्थ मिळतो. काकूंना तो आपल्या गुरगुट्या भातासारखा वाटला. सकाळी ज्या चीजची चकती बाजारात पाहिली तेच रात्री बशीत. 'ला विन्या' येथे भट्टीत भाजून वरून काळसर केलेला चीजचा केक मिळतो. शेवटी तो खावा.

ला विन्या ज्या गल्लीत आहे तिचे नाव '३१ ऑगस्ट'. १८१३ साली त्या दिवशी वेलिंग्टनच्या इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी फ्रेंचांकडून हे गाव घेतले आणि जाळून टाकले. एवढी एक गल्ली तेवढी वाचली. हा वेलिंग्टन म्हणजे तोच वेलस्ली, जो दहा वर्षे आधी, १८०३ च्या सप्टेंबरात, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढला होता. आज दिसते ते गावठाण त्या राखेतून पुन्हा उभे राहिलेले आहे. गावची जुनी मंडई 'ब्रेचा' म्हणून ओळखली जाते. ब्रेचा म्हणजे तटाला पडलेले भगदाड. जिथून सैन्य शिरले तिथेच पुढे भाजीबाजार वसला.

गावठाणातून बाहेर पडून नव्या गावात गेले की 'कासा वायेस' लागते. १९४०च्या दशकात तिथल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ऑलिव्ह, अँचोव्ही आणि इबार्राची मुरवलेली मिरची एका काडीत ओवली, असे सांगतात. खारट, हिरवी आणि किंचित तिखट. १९४६ साली आलेल्या 'गिल्डा' नावाच्या सिनेमातली नायिका तशीच, म्हणून पदार्थाचे नाव पडले 'हिल्दा'. ना चूल, ना भांडे. तीन जिनसा आणि एक काडी. पण त्या तिन्हींपैकी एक जरी हलकी असेल तर पदार्थ फसतो. लपवायला मसालाच नाही.

गावठाणात आता परदेशी पाहुण्यांची फार गर्दी असते. आम्हीही त्यांतलेच. जागांची भाडी वाढली, जुने शेजारी निघून गेले, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. म्हणून दुभाषी बाईंनी तिसऱ्या दिवशी आम्हांला पूल ओलांडून नदीपलीकडच्या ग्रोस भागात नेले. तिथे १९२८ साली सुरू झालेली 'बोदेगा दोनोस्तियार्रा' आहे, आणि 'सबालेता' नावाच्या दुकानातले बटाट्याचे ऑम्लेट तर गावात नावाजलेले. दर गुरुवारी या भागात पेय आणि पिंचो मिळून कमी दरात देतात. तेव्हा तिथली तरुण मुले रस्ताभर उभी असतात. ज्याला गर्दीत घुसमटायचे नाही त्याने सरळ ग्रोस गाठावे.

याच गावात १८७० साली पहिले स्वयंपाक-मंडळ स्थापन झाले. सभासद मिळून खोली घेतात, तिथे स्वतः रांधतात, आणि वापरलेल्या जिनसांचे पैसे आपले आपण डब्यात टाकतात. मंडळे पुरुषांची. काकूंना हे ऐकून हसू आवरेना. "बाप्ये रांधतात? आणि हिशोब बी खरा ठेवतात?" पुष्कळ वर्षे बायकांना या मंडळांत मज्जाव होता, आता बऱ्याच ठिकाणी तो सैल झाला आहे. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मंग त्यात कौतुक कसलं! घरी रांधावं की."

पाटीवरचे नाव

शेवटच्या रात्री एका दुकानात काकूंनी दुभाषी बाईंना भिंतीवरची पाटी वाचायला लावली. पहिल्या ओळीत गेर्निकाची मिरची. त्या पाटीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "साहेब, त्या म्हातारीचं गाव इथं लिवलंय. माझी द्राक्षं चाळीस वर्षं झाली बाजारात जात्यात. पेटी फुटली की माझं नाव संपलं. आपल्या गावचं नाव कुठल्या भिंतीवर हाय?"

मी त्यांना सांगू शकलो असतो की, नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते खरेच आहे. पण कागदावर मानांकन असणे निराळे आणि हॉटेलच्या पाटीवर, गिऱ्हाइकाच्या तोंडी ते नाव असणे निराळे. कायद्याने नाव राखले जाते, परंतु ते मोठे होते वापरणाऱ्यांमुळे. इथे बारवाला नाव लिहितो, गिऱ्हाईक ते मागतो, म्हणून शेतकरी वाण बिघडू देत नाही. तिघांनी मिळून ते नाव धरून ठेवले आहे. एकाने सोडले तर बाकीच्या दोघांना ते पेलणार नाही. मी एवढेच म्हणालो, "काकू, नाही कुठं. सुरुवात करायला पाहिजे."

तेव्हा चांगले दुकान कसे ओळखावे, याचे उत्तर थोडक्यात असे. जिथे थोडेच पदार्थ आहेत, मोसमाचे आहेत, ताजे आहेत, आणि माल कोणत्या गावचा हे सांगायला मालकाला संकोच वाटत नाही, ते दुकान चांगले. हे बास्क मुलखात जितके खरे तितकेच आपल्या हमरस्त्यावर.

परत आल्यावर दोन महिन्यांनी आण्णांच्या वावराकडे गेलो होतो. छाटणी उरकली होती. रस्त्याकडेला मुलाचे हॉटेल सुरू झाले होते. फोटोंचा फलक कुठे दिसला नाही. भिंतीला शाळेतल्यासारखी काळी पाटी टांगलेली, त्यावर खडूने पाच पदार्थ. शेवटची ओळ अशी : 'टोमॅटोची कोशिंबीर. टोमॅटो आमच्याच वावरातले, आज सकाळी तोडलेले.' तिच्याखाली गावाचे नाव. मुलगा जरा नाराज होता; म्हणाला, "लोक विचारतात, एवढंच मिळतं का?" आण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "विचारू दे. खाल्ल्यावर विचारतात का बघ."

हॉटेल चालेल की नाही, हे वर्षभराने कळेल. मी कोशिंबीर खाल्ली, आणि दुसरी बशी मागितली.

बरे तर, पुढील आठवड्यात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. छाटणीनंतरच्या भुरी आणि केवड्याच्या बंदोबस्ताविषयी पुष्कळ पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे देईन.